देवी टोचणारा डॉक्टर आणि पाण्यातले बुडबुडे

शाळेच्या प्रयोगशाळेतला एक प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. चंचुपात्रात पाणी घ्यायचं, त्यात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या काड्या ठेवायच्या, त्यांवर काचेचं नरसाळं पालथं घालायचं आणि नरसाळ्याच्या दांडीवर पाण्यानं भरलेली परीक्षानळी उपडी ठेवायची. हे सगळं उन्हात ठेवलं की थोड्या वेळानं पानांवरून बारीक बुडबुडे वर चढू लागतात. नळीत पुरेसा वायू जमला की त्यात धुमसती काडी धरायची आणि ती भुरकन पेटते. वहीत निष्कर्ष लिहायचा, 'प्रकाशसंश्लेषणात ऑक्सिजन बाहेर पडतो', गुण मिळवायचे आणि विसरून जायचं.

ज्या माणसानं हे पहिल्यांदा नीट पाहिलं, तो वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक नव्हता. तो रुग्ण तपासणारा डॉक्टर होता आणि देवीच्या साथीत जीव वाचवणारा वैद्य म्हणून युरोपात आधीच प्रसिद्ध झाला होता. त्याचं नाव डॉ. यान इंगेनहाउस. आज घरोघरी काचेच्या टाकीत मासे आणि हिरव्या वनस्पती एकत्र वाढवल्या जातात, त्यामागचं मूळ शास्त्र या डॉक्टरांचं आहे.

ब्रेडा ते व्हिएन्ना

इंगेनहाउस यांचा जन्म ८ डिसेंबर १७३० रोजी नेदरलँड्समधल्या ब्रेडा या गावी झाला. घर व्यापाऱ्याचं आणि कॅथलिक पंथाचं. सोळाव्या वर्षी ते लूव्हेन विद्यापीठात वैद्यक शिकायला गेले आणि १७५३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. मग लायडनला जाऊन त्यांनी मुसशेनब्रुक यांच्याकडे भौतिकशास्त्राचे धडे घेतले. विजेचा साठा करणाऱ्या 'लायडन जार'शी ज्यांचं नाव जोडलं गेलं, तेच हे मुसशेनब्रुक. शिक्षण पुरं करून इंगेनहाउस गावी परतले आणि दवाखाना चालवू लागले. दिवसा रुग्ण आणि फावल्या वेळात वीज, धातू, वायू यांवरचे प्रयोग, असा त्यांचा क्रम होता.

वडील १७६४ मध्ये वारले. त्यानंतर वर्षभरात इंगेनहाउस लंडनला गेले. तिथे त्यांच्या कुटुंबाचे जुने स्नेही सर जॉन प्रिंगल होते. सैन्यात वैद्य म्हणून काम केलेल्या प्रिंगल यांचा राजदरबारी आणि शास्त्रज्ञांमध्ये मोठा मान होता. त्यांच्या ओळखीनं इंगेनहाउस लंडनच्या वैद्यकवर्तुळात शिरले आणि त्या काळातल्या सर्वांत तातडीच्या कामाला लागले. ते काम म्हणजे देवी टोचणं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जेन्नर यांची गाईच्या देवीची लस अजून तीसेक वर्षं दूर होती. तेव्हाचं टोचणं म्हणजे देवीच्या रुग्णाच्या फोडातला स्राव सुईच्या टोकावर घेऊन निरोगी माणसाच्या दंडावर हलकासा ओरखडा काढणं. त्यातून खरीच देवी यायची, पण बहुधा सौम्य. आपल्याकडे बंगालमधले टिकादार हेच काम करत होते आणि त्याची हकिकत १७६७ मध्ये लंडनमध्ये छापलीही गेली होती. नैसर्गिक देवी आलेल्या दर चार-पाच जणांपैकी एखादा दगावायचा. टोचल्यावर मृत्यू होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोनवर यायचं. पण ते शून्य नव्हतं. शिवाय टोचलेल्या माणसाकडून इतरांना देवी लागू शकायची. धडधाकट मुलाला हातानं रोग द्यायचा आणि तो बरा होईपर्यंत उशाशी बसून राहायचं, अशी ही जबाबदारी होती.

१७६८ मध्ये हर्टफर्डशरमधल्या खेड्यांत साथीचं भय असताना डॉ. टॉमस डिम्सडेल यांच्यासोबत इंगेनहाउस यांनी सुमारे ७०० लोकांना टोचलं. त्याच सुमारास ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसा इंग्लंडच्या राजाकडे एका कुशल डॉक्टरची मागणी करत होत्या. देवीनं त्यांच्या घराची दैना केली होती. मुलं गेली, दोन सुना गेल्या. १७६७ या एका वर्षात एक सून आणि लग्न ठरलेली सोळा वर्षांची मुलगी दगावली आणि स्वतः सम्राज्ञी मरता मरता वाचल्या. व्हिएन्नाला पाठवण्यासाठी इंगेनहाउस यांची निवड झाली.

परक्या देशात, परक्या भाषेत, राजघराण्यातल्या मुलांना मुद्दाम देवी द्यायची होती. एक मूल दगावलं असतं, तर त्या डॉक्टरचं काय झालं असतं हे सांगायला नको. दरबारातले जुने वैद्य या पद्धतीला अनुकूल नव्हते. आधी गावातल्या गरीब घरच्या मुलांवर टोचणी करून दाखवण्यात आली. आजच्या वैद्यकीय नीतीत हे बसणार नाही, पण तेव्हा कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मग सम्राज्ञींचे दोन मुलगे आणि एक नात यांना टोचलं गेलं आणि तिघंही सुखरूप उठली. इंगेनहाउस दरबाराचे वैद्य झाले. वर्षाला ५००० गुल्डनचं तहहयात वेतन मिळालं. पोटापाण्याची चिंता अशी कायमची मिटल्यामुळेच त्यांना पुढचं काम करता आलं.

पुदिन्याचं कोडं

त्या काळात वायूंचं शास्त्र नुकतं डोळे उघडत होतं. १७७१ मध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली होती. बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली की ती हवा 'बिघडते' आणि त्यात उंदीर जगत नाही. पण त्याच हवेत पुदिन्याची डहाळी काही दिवस ठेवली, तर मेणबत्ती पुन्हा जळते. वनस्पती हवा सुधारतात, असा अर्थ निघाला. १७७३ मध्ये रॉयल सोसायटीनं प्रिस्टली यांचा गौरव केला, तेव्हा अध्यक्ष या नात्यानं भाषण केलं ते प्रिंगल यांनीच. ते भाषण इंगेनहाउस यांच्या मनात घर करून राहिलं.

अडचण एकच होती. प्रयोग कधी जमायचा, कधी नाही. स्वीडनमध्ये शील यांनी करून पाहिला, तर वनस्पतींनी हवा उलट बिघडवली. प्रिस्टली यांनाही कधी कधी उलटेच निष्कर्ष मिळत. एकाच औषधानं एक रुग्ण बरा होतो आणि दुसऱ्याला बाधतं, तेव्हा डॉक्टर विचारतो की या दोघांत फरक काय? इंगेनहाउस यांनी नेमका हाच प्रश्न धरला.

साउथॉलचा उन्हाळा

१७७९ मध्ये रजा घेऊन ते इंग्लंडला आले आणि लंडनजवळच्या साउथॉल ग्रीन इथं एक घर घेऊन राहिले. त्या एका उन्हाळ्यात, जेमतेम तीन महिन्यांत, त्यांनी ५०० हून जास्त प्रयोग केले.

त्यांची युक्ती साधी होती. पानं हवेत ठेवली तर ती कोणता वायू सोडतात हे दिसत नाही. पाण्यात बुडवली तर दिसतं. काचेचं भांडं पाण्यानं काठोकाठ भरायचं, त्यात ताजी पानं घालायची, भांडं पाण्यातच उपडं करायचं आणि उन्हात ठेवायचं. बुडबुडे वर चढून भांड्याच्या बुडाशी जमतात. तो वायू किती शुद्ध आहे हे मोजायला त्यांच्याकडे वायुमापक होता. नमुन्यात नायट्रिक ऑक्साइड मिसळायचा आणि आकारमान किती घटतं ते पाहायचं. घट जास्त तर प्राणवायू जास्त. आज आम्ही रुग्णाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावतो, तसे ते हवेची तपासणी करत.

पाण्यातल्या पानांवरचे बुडबुडे त्यांच्याआधी शार्ल बोने यांनीही पाहिले होते. पण उन्हानं पाणी तापतं आणि त्यातली हवा पानांना चिकटते, एवढाच अर्थ बोने यांनी लावला होता. इंगेनहाउस यांनी ऊब आणि उजेड वेगळे केले. नुसत्या उबेनं काही होत नव्हतं, उजेड लागत होता. सूर्य वर आला की काही वेळानं बुडबुडे सुरू होत, सावली पडली की मंदावत आणि अंधारात थांबत. वायू सोडायची ती हिरवी पानं आणि हिरवे देठ. मुळं, फुलं, फळं ते करत नव्हती. आणि अंधारात तीच हिरवी पानं माणसासारखीच हवा बिघडवत होती. म्हणजे श्वसन चोवीस तास चालतं आणि प्राणवायू तयार होतो तो फक्त उजेडात. प्रिस्टली आणि शील यांच्या प्रयोगांतली विसंगती सुटली. भांडं कुठे, किती उजेडात ठेवलं होतं, यावर सगळं अवलंबून होतं. त्याच वर्षी त्यांचं पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं.

या शोधानं एक गैरसमज तेव्हाच मोडायला हवा होता, पण तो आजही मोबाइलवर फिरत असतो. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, असा तो निरोप. उजेड नसेल तर कोणतंही झाड प्राणवायू सोडत नाही, मग तो पिंपळ असो, तुळस असो की कुंडीतलं स्नेक प्लांट. काही वनस्पती रात्री कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात हे खरं, पण प्राणवायू सोडण्यासाठी त्यांनाही सकाळची वाट पाहावी लागते.

उलट टोकाची भीतीही आहे. खोलीत कुंडी असली तर रात्री गुदमरायला होईल, ही ती भीती. खुद्द इंगेनहाउस यांनीही रात्री घरात झाडं ठेवण्याच्या धोक्याबद्दल बजावलं होतं. तिथे मात्र त्यांनी धोका वाजवीपेक्षा मोठा मानला. हिशेब करून पाहा. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४,००० लिटर हवा असते आणि तीत ७,००० लिटरहून अधिक प्राणवायू. विश्रांती घेणारा प्रौढ माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर, म्हणजे आठ तासांत १२० लिटर प्राणवायू वापरतो. हे खोलीतल्या साठ्याच्या दोन टक्केही नाही, आणि दारं-खिडक्यांच्या फटींतून हवा बदलतच असते. कुंडीतलं रोप तर या माणसाच्या तुलनेत नगण्य. बंद खोलीत भीती बाळगायची ती धुमसत्या कोळशाच्या शेगडीची आणि हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरातल्या गॅस गिझरची. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडनं माणसं खरोखर मरतात.

टाकीतला हिशेब वेगळा

पण काचेच्या टाकीत इंगेनहाउस यांचा इशारा तंतोतंत खरा ठरतो. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. तेवढ्याच हवेत तो तीसपटींहून जास्त असतो. १०० लिटरच्या टाकीतला सगळा प्राणवायू गोळा केला तर तो विश्रांती घेणाऱ्या माणसाला अडीच मिनिटंही पुरणार नाही. म्हणून दिवसा मोत्यांसारखे बुडबुडे सोडणारी दाट हिरवी टाकी पहाटे सर्वांत अशक्त असते. रात्रभर मासे, वनस्पती आणि तळाचे जिवाणू सगळेच प्राणवायू वापरत असतात. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर ते भूक लागल्याचं लक्षण नाही. मासे कमी करा, रात्री हवेचा पंप चालू ठेवा आणि सडकी पानं काढा.

वनस्पती आणि मासे यांचा तोल जमवून दाखवला तो लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमधल्या रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. १८५० मध्ये त्यांनी आपला प्रयोग केमिकल सोसायटीपुढे मांडला. सुमारे ५५ लिटरचं काचेचं भांडं, निम्मं पाणी, तळाशी वाळू, माती आणि दगड, दोन लहान गोल्डफिश आणि फितीसारख्या पानांच्या व्हॅलिसनेरियाचं एक रोप. सुरुवातीला जुनी पानं कुजून पाणी गढूळ झालं. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि पाणी निवळलं.

आजही घरच्या टाकीसाठी हेच सूत्र चालतं. तळाला दोन ते चार मिलिमीटरची खडी पाच-सात सेंटिमीटर जाडीनं पसरावी. फार बारीक वाळू घट्ट बसते, मुळांशी पाणी खेळत नाही. खडीवर लिंबाचा रस टाकून पाहावा. फेस आला तर तीत चुना आहे आणि ती पाणी जड करील. धुतलेल्या खडीत सुरुवातीला खाद्य असं काहीच नसतं. व्हॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरिन या मुळांनी खाणाऱ्या वनस्पती, म्हणून त्यांच्या बुंध्याशी खताची गोळी खोचावी लागते. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांतल्याच आहेत. रोप लावताना मुळं खडीत आणि पानांचा बुडखा वर राहू द्यावा. जावा फर्न आणि अ‍ॅन्युबियसचं आडवं खोड मात्र खडीत पुरलं तर कुजतं, ते दगडाला किंवा लाकडाला बांधावं. दिवा रोज आठ तासांच्या आसपास पुरे. थेट उन्हात टाकी ठेवली की शेवाळच माजतं.

खडीचं खरं काम डोळ्यांना दिसत नाही. तिच्या कणांवर वस्तीला आलेले जिवाणू माशांच्या विष्ठेतला विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग सौम्य नायट्रेटमध्ये बदलतात. वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खातात. ही वस्ती जमायला काही आठवडे लागतात, म्हणून नव्या टाकीत पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडू नयेत. साफसफाईच्या नावाखाली सगळी खडी एकदम नळाखाली धुऊ नये, ती वस्ती वाहून जाते.

डॉक्टर म्हणून दोन सूचना. हाताला जखम असताना टाकीत हात घालू नका, आणि एरवीही नंतर साबणानं धुवा. मायकोबॅक्टेरियम मरायनम नावाचा क्षयरोगाच्या जिवाणूचा भाऊबंद जखमेतून शिरतो आणि काही आठवड्यांनी बोटांवर न भरणाऱ्या गाठी उठतात. अशी गाठ दाखवायला गेलात तर घरी माशांची टाकी आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. योग्य औषधांनी ती बरी होते, पण अनेक आठवडे घ्यावी लागतात. दुसरं, मासे मेले म्हणून टाकी पाण्यासकट गच्चीत टाकून देऊ नका, तिथे डेंग्यूचे डास वाढतात. आणि नको झालेल्या वनस्पती तळ्यात, नदीत फेकू नका.

शेवटची वर्षं

इंगेनहाउस १७८० मध्ये व्हिएन्नाला परतले आणि काम करत राहिले. धातूंच्या सळयांवर मेण चढवून उष्णता कोणत्या धातूतून लवकर वाहते हे त्यांनी मोजलं. सूक्ष्मदर्शकाखाली द्रवाच्या थेंबावर अभ्रकाचं किंवा काचेचं पातळ झाकण ठेवावं, हेही त्यांनीच सुचवलं. पॅथॉलॉजीच्या प्रत्येक प्रयोगशाळेत आज रोज वापरली जाणारी ही गोष्ट आहे. प्रकाशाच्या शोधाचं श्रेय कोणाचं, यावरून प्रिस्टली आणि जिनिव्हाचे सेनेबिए यांच्याशी वादही झाले. बुडबुड्यांसाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असावा लागतो, हे सेनेबिए यांनी दाखवलं. उकळलेल्या पाण्यात बुडबुडे का येत नाहीत, याचं उत्तर त्यातून मिळालं. १७९६ मध्ये इंगेनहाउस यांनी पुढचं पाऊल टाकलं. वनस्पतीच्या देहातला कार्बन मुख्यतः मातीतून येत नाही, तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, असं त्यांनी मांडलं.

१७८८ मध्ये ते पुन्हा प्रवासाला निघाले. पुढच्या वर्षी बॅस्टिल पडलं तेव्हा ते पॅरिसमध्ये होते. तिथून निसटून इंग्लंडला पोहोचले आणि मग व्हिएन्नाला, पत्नीकडे परतणं कधीच झालं नाही. युद्धांनी वाट अडवली, पुढे प्रकृतीनं.

१७९८ मध्ये जेन्नर यांनी गाईच्या देवीवरचं पुस्तक प्रसिद्ध केलं. आयुष्यभर देवी टोचलेल्या इंगेनहाउस यांना ते पटलं नाही. गाईची देवी येऊन गेल्यावरही खरी देवी झालेल्या एका शेतकऱ्याची हकिकत त्यांनी जेन्नर यांना कळवली आणि सावध राहायला सांगितलं. पुरावा मागणं रास्त होतं. पण एका उदाहरणावर सगळं तोललं गेलं, आणि ज्या माणसानं एकाच निरीक्षणावर विसंबायला नको म्हणून पाचशे प्रयोग केले, त्याच्याकडून तोललं गेलं. जेन्नर यांची पद्धत जास्त सुरक्षित होती, कारण तिच्यातून देवीची साथ पसरण्याचा धोकाच नव्हता. स्वतःच्या हातून हजारो जीव वाचवलेल्या पद्धतीपेक्षा चांगली पद्धत समोर आली की ती ओळखणं फार अवघड जातं. आम्हा डॉक्टरांना हा धडा दर पिढीत नव्यानं गिरवावा लागतो.

पुढचं पाहायला इंगेनहाउस राहिले नाहीत. ७ सप्टेंबर १७९९ रोजी विल्टशरमधल्या बोवुड या वाड्यात त्यांचं निधन झालं. पंचवीस वर्षांपूर्वी याच वाड्यात काम करताना प्रिस्टली यांनी प्राणवायू वेगळा केला होता. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला जेन्नर यांची लस टोचली गेली. भारतातली ती पहिली यशस्वी टोचणी. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं आणि इंगेनहाउस यांची सुई जेन्नर यांच्या सुईसकट इतिहासजमा झाली. त्यांचा पानांवरचा प्रयोग मात्र शाळाशाळांत अजून रोज कुठे ना कुठे मांडला जातो.